हॉटेल मॅनेजमेंटकडे मुलं का वळतात, आणि त्यातली कोणती टिकतात

बारावीचा निकाल लागला की हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रवेशाची गडबड सुरू होते. कॉलेजातली मुलाखत असो की घरी आलेले पाहुणे, "हेच का निवडलंस?" हा प्रश्न ठरलेला आणि उत्तरंही ठरलेली. "मला लोकांशी बोलायला आवडतं." "मला स्वयंपाकाची आवड आहे." "या क्षेत्रात भरपूर वाव आहे." ही उत्तरं खोटी असतात असं नाही, पण ती बहुतेक वेळा प्रश्न येणार म्हणून तयार केलेली असतात. खरी कारणं त्यांच्या मागे उभी असतात. गणितातून सुटका हवी होती. आतेभाऊ जहाजावर आहे आणि त्याने गावात दुमजली घर बांधलं. बाबांचं ऐकून दोन वर्षं सायन्स केलं, आता आणखी चार वर्षं तेच नको. टीव्हीवरचा शेफ आवडला. आणि हो, कॉलेज एसटीने जाऊन-येऊन करता येण्याजोगं होतं.

यातलं कोणतं कारण चांगलं आणि कोणतं वाईट, हे सांगायची घाई आई-वडील करतात, समुपदेशकही करतात. आवड असेल तर उत्तम, पैशासाठी असेल तर जरा कमी, आणि "दुसरीकडे लागला नाही म्हणून" असेल तर वाईटच, अशी ती उतरंड. मला ती पटत नाही. का पटत नाही, हे समजायला मानसशास्त्राचा एक साधा धागा हातात घ्यावा लागतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले दोन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 1985 साली प्रेरणेबद्दलचा आपला विचार सविस्तर मांडला आणि शिक्षणाच्या अभ्यासात तो आजही सतत वापरला जातो. आपण एरवी म्हणतो, अमक्याला प्रेरणा आहे, तमक्याला नाही. डेसी आणि रायन विचारतात, ती प्रेरणा आली कुठून आणि ती त्या माणसाने आपली मानली आहे का?

त्यांच्या मांडणीत सगळ्यात खालच्या पायरीवर असतं ते दुसऱ्याने लावलेलं काम. वडिलांनी फॉर्म भरला, मुलगा गेला. त्याच्या वरची पायरी लाजेची: मित्र कुठे ना कुठे लागले, आपण घरी बसलो तर बरं दिसणार नाही. इथे ढकलणारा बाहेर दिसत नाही, पण तो मनात येऊन बसलेला असतो. त्याच्या वर येते ती पटलेली प्रेरणा. कामात रोज मजा येईल असं नाही, पण मला जे हवंय ते यातून मिळतं आणि मी ते समजून-उमजून निवडलंय. आणि सगळ्यात वर, काम करतानाच होणारा आनंद. पीठ मळताना, टेबल मांडताना, अनोळखी माणसाचा वैताग दोन मिनिटांत शांत करताना जो मिळतो तो.

आपल्याकडे सगळा भर या शेवटच्या पायरीवर असतो. "आवड आहे ना? मग झालं." मला तिसरी पायरी जास्त महत्त्वाची वाटते, आणि त्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. कोकण आणि गोवा पुरे.

गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर गोव्याचे आचारी, बटलर आणि स्टुअर्ड पिढ्यान् पिढ्या राबले. बोट लागायची वाट बघत ते मुंबईत राहायचे, धोबी तलाव आणि माझगावच्या बाजूला, आपापल्या गावच्या कुडांमध्ये. कूड म्हणजे गावाने चालवलेलं वसतिगृहच: एक पेटी, झोपायला जागा, संध्याकाळची सामूहिक प्रार्थना. त्यातले काही कूड आजही आहेत. आता बोटींच्या जागी क्रूझ आल्या. एका करारावर साधारण सहा ते नऊ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी, आणि त्या सुट्टीत बहुतेक कंपन्या पगार देत नाहीत. पगार डॉलरमध्ये. राहणं-जेवण जहाजावरच, म्हणजे खर्च जवळपास नाही.

गोव्याच्या साष्टी भागातल्या किंवा सावंतवाडीकडच्या ज्या घरात असा एक मामा किंवा चुलतभाऊ असतो, तिथल्या अठरा वर्षांच्या मुलाला हॉटेल मॅनेजमेंट का, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. त्याने मामाला विमानतळावर सोडायला गेलेलं असतं. ख्रिसमसला किंवा गणपतीला मामा घरी नसतो, हेही त्याने पाहिलेलं असतं. बहिणीचं लग्न, घराचं कर्ज, छपरावरची नवी कौलं यांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. त्याला पनीर टिक्क्याबद्दल काडीचं प्रेम नसेल. तरी त्याचं कारण भक्कम आहे, कारण त्याने किंमत पाहूनच सौदा केला आहे. डेसी-रायन यांच्या भाषेत ही "बाहेरची" प्रेरणा खरी, पण पूर्णपणे आपली केलेली. चौदा तासांच्या दिवशी ती कामी येते.

या वाटेवरही एक अडथळा आहे आणि त्याबद्दल कॉलेजच्या माहितीपत्रकात फारसं लिहिलेलं नसतं. बऱ्याच क्रूझ कंपन्या 21 वर्षांखालच्यांना घेत नाहीत आणि चांगल्या हॉटेलातला अनुभवही मागतात. त्यात सुरक्षेचं एसटीसीडब्ल्यू प्रशिक्षण आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची अधिकृत नोंदपुस्तिका, लागते. म्हणजे बारावी ते जहाज हे अंतर सरळ तीन वर्षांचं नाही. मध्ये एखाद-दोन वर्षं जमिनीवरच्या हॉटेलात, कमी पगारात काढावी लागतात. ज्याच्या घरात तारवटी आहे त्याला हे माहीत असतं. ज्याने फक्त इन्स्टाग्रामवर डेकचे फोटो पाहिले त्याला नसतं. दोघांचं फॉर्मवरचं उत्तर मात्र एकच: "परदेशात संधी."

आता डिग्रीबद्दल. हॉटेलात काम करायला पदवी लागते, ही कल्पना तशी नवी आहे. जगातली पहिली हॉटेल शाळा स्वित्झर्लंडमध्ये लोझानला 1893 साली निघाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हा विषय 1922 साली आला. त्याच वर्षी आपल्याकडे मोहनसिंग ओबेरॉय सिमल्याच्या सेसिल हॉटेलात कारकून म्हणून लागले होते आणि पुढे त्यांनी स्वतःची हॉटेलं उभी केली, कुठल्याही हॉटेल शाळेत न जाता. भारतातली पहिली संस्था मुंबईत 1954 साली सुरू झाली, आणि तिचा जन्म मजेशीर आहे. ती काढली ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड काउन्सिल या स्त्रियांच्या संघटनेने, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने. देशात धान्याची टंचाई होती आणि पोषण हा राष्ट्रीय प्रश्न होता. म्हणून या संस्थांच्या लांबलचक नावाच्या शेपटाला आजही "अप्लाइड न्यूट्रिशन" लटकलेलं दिसतं. हा विषय 1982 साली अन्न खात्याकडून पर्यटन खात्याकडे गेला, त्याच वर्षी नॅशनल काउन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंट स्थापन झाली आणि हळूहळू सगळ्याचा सूर बदलला. सरकारला हव्या होत्या पोषण जाणणाऱ्या आणि सामूहिक स्वयंपाकघरं चालवणाऱ्या व्यक्ती. आज प्रवेश घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लॉबीतलं झुंबर असतं.

मग पदवी कशाला? माझ्या मते त्याचं एक मोठं कारण कोणी उघड बोलत नाही. पदवीमुळे काम धुऊन निघतं. मराठी मध्यमवर्गात "मुलगा वेटर आहे" हे वाक्य जड जातं. "मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करतोय" हे सहज जातं. काम पहिली काही वर्षं तेच असतं: ट्रे उचलायचा, पाणी ओतायचं, खरकटं काढायचं. पण मधल्या तीन-चार वर्षांच्या कागदामुळे त्याला शिकाऊपणा म्हणता येतं, आणि पुढे मॅनेजर होणार असं सांगता येतं. यात काही गैर नाही. ज्या समाजात स्वयंपाक आणि वाढणं ही कामं जातीशी आणि घरगुती श्रमांशी बांधलेली होती, तिथे शिक्षण हाच त्यांना प्रतिष्ठा देण्याचा रस्ता असणार. फक्त हे कळून घ्यावं की ही प्रतिष्ठेची ओढ घरच्यांची असते, आणि ट्रे मुलाच्या हातात असतो.

टीव्हीने या ओढीला मोठा हात दिला. संजीव कपूर दिल्लीतल्या पुसा इथल्या संस्थेत शिकलेले. 1993 साली झी टीव्हीवर "खाना खजाना" सुरू झालं आणि स्वयंपाक करणारा पुरुष पांढऱ्या कोटात दिवाणखान्यात आला. 2010 साली "मास्टरशेफ इंडिया" आलं. नंतर मोबाइल आला, आणि आता शेफ व्हायचं म्हणणाऱ्या मुलांना तोटा नाही. अडचण एवढीच की पडद्यावर दिसतो तो पदार्थ, आणि कॅमेऱ्याला भांडी घासणं दाखवायचं नसतं. हॉटेलच्या किचनमध्ये सुरुवात कॉमी म्हणजे शिकाऊ स्वयंपाकी म्हणून होते, कॉमी थ्री, टू, वन अशा उलट्या पायऱ्यांनी. पहिल्या महिन्यांत जी कला लागते ती पोतंभर कांदा एकसारखा चिरण्याची.

या क्षेत्राबद्दल आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. डॉक्टर व्हायचं असेल तर बायोलॉजी लागतं, इंजिनियर व्हायचं असेल तर गणित. हॉटेल मॅनेजमेंटला आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठूनही येता येतं, बारावीला इंग्रजी विषय असला की पुरतं. हे दार उघडं असल्यामुळे इथे दोन टोकांची मुलं एकाच वर्गात बसतात. एकाला नववीपासून हेच करायचं होतं. दुसऱ्याचं जेईईत जमलं नाही, फार्मसीत नंबर लागला नाही आणि हे राहिलं. दुसऱ्याला कमी लेखायची पद्धत आहे. पण नकारातून आलेल्या मुलाला एक फायदा असतो: त्याच्या अपेक्षा कमी असतात. त्याच्या मनात झुंबर नसतं, त्यामुळे ते फुटतही नाही. काहींना इथेच पहिल्यांदा कळतं की आपल्या हाताला काही येतं. शाळेत वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसलेल्या मुलाने पहिल्यांदा नीट ब्रेड भाजला आणि शिक्षकाने तो सगळ्यांना दाखवला, तर त्या मुलाचं कारण त्या दिवशी बदलतं.

म्हणजे कारणं बदलतात. कुठे आणि कशी, हे पाहायचं तर ट्रेनिंगकडे पाहावं.

पदवीच्या मध्यावर एक अख्खं सत्र विद्यार्थ्याला खऱ्या हॉटेलात काढावं लागतं, साधारण चार-पाच महिने. किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग अशा चारही खात्यांत फिरवतात. विद्यावेतन नावापुरतं. सकाळी दाढी, नखं, बूट यांची तपासणी. लंच आणि डिनर या दोन्ही वेळा पकडणारी ब्रेक शिफ्ट, म्हणजे मधले तीन-चार तास रिकामे, पण घरी जाण्याइतके नाहीत. हाउसकीपिंगला एका शिफ्टमध्ये बारा ते सोळा खोल्या करायच्या, त्यातल्या निम्म्या चेकआउटच्या, म्हणजे बाथरूमसकट सगळं नव्याने. लग्नसराईत बॅन्क्वेटला टाकलं तर शिफ्ट संपण्याची वेळ पाहुणे ठरवतात. दिवाळीची सुट्टी नसते, कारण दिवाळीला हॉटेल भरलेलं असतं.

1993 साली पॉल बॅरन आणि गिलियन मॅक्सवेल यांनी स्कॉटलंडमधल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. नव्याने आलेल्यांना हॉटेल व्यवसाय छान वाटत होता. कामाचा अनुभव घेऊन परतलेल्यांचं मत बरंच उतरलेलं होतं. 2001 साली जेनकिन्स या अभ्यासकाला ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांत तेच दिसलं: जसजशी पदवी पुढे सरकते तसतशी या धंद्याबद्दलची ओढ कमी होते. तुर्कस्तानातल्या पर्यटनाच्या विद्यार्थ्यांचा 2000 सालचा अभ्यासही याच दिशेचा. देश वेगळे, हॉटेलं वेगळी, उतार सारखा. इतर शाखांत शिकता शिकता विषयाशी सलगी वाढते. इथे शिकताना ती घटू शकते, कारण इथे विषय आणि नोकरी यांची गाठ फार लवकर पडते.

हा उतार सगळ्यांसाठी सारखा नसतो. डेसी आणि रायन म्हणतात की कुठलीही प्रेरणा जगायला तीन गोष्टी लागतात: निर्णय माझा आहे ही जाणीव, मला हे जमतंय हा विश्वास, आणि इथे माझी माणसं आहेत ही भावना. ट्रेनिंगमध्ये तिन्हींची परीक्षा होते.

निर्णयाबद्दल वर आलंच आहे. "जमतंय" या दुसऱ्या गोष्टीवर मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी जास्त विचार करायला हवा, आणि त्यांच्या शिक्षकांनी तर नक्कीच. पहिल्याच वर्षी ज्युलिएन, ब्रुनॉइज (भाजी चिरण्याचे प्रकार), मिझाँप्लास (स्वयंपाकाची पूर्वतयारी) असे फ्रेंच शब्द अंगावर येतात. त्यांची भीती फार दिवस टिकत नाही, कारण ते इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकेच परके असतात. खरी धडकी भरते ती पाहुण्यासमोर इंग्रजीत चूक झाल्यावर, आणि ती झाली की मुलगा किचन मागून घेतो. पुष्कळ मुलं "मला कुकिंगची आवड आहे" म्हणतात, त्यांपैकी काहींना प्रत्यक्षात बोलायचं टाळायचं असतं. हे ओळखणारा शिक्षक भेटला तर रोज दहा मिनिटं टेबलापाशी उभं करून तो ही भीती घालवू शकतो. नाही भेटला तर एक चांगला फ्रंट ऑफिसवाला कायमचा भटारखान्यात जातो.

तिसऱ्या गोष्टीत मात्र हा धंदा इतरांच्या पुढे आहे. किचनमधली टोळी, एकाच बॅचने मारलेली डबल शिफ्ट, रात्री एकला स्टाफ कॅफेटेरियात खाल्लेला गार डाळ-भात. बाहेरून बघणाऱ्याला यात काय आहे कळत नाही. पण "सोडून का गेला नाहीस?" असं विचारलं तर जुने लोक बहुतेक वेळा एखाद्या सीनियरचं नाव घेतात. ज्या किचनमध्ये तो सीनियर शिव्या देणारा आणि हात उगारणारा निघतो, तिथे मुलं पदवी पूर्ण करून बँकेत, विमान कंपनीत, मॉलमध्ये किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापनात जातात. त्यांचं शिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. माणसांशी वागण्याचं आणि वेळेत काम उरकण्याचं इतकं कडक प्रशिक्षण दुसऱ्या कुठल्या पदवीत सहसा मिळत नाही, आणि काही पालक नेमकं हेच हेरून मुलांना इथे घालतात.

मुलींचं गणित वेगळं आहे. भारतातली पहिली हॉटेल शाळा बायकांनी काढली, तरी मुलीने हॉटेलात काम करायचं म्हटलं की घरचा पहिला प्रश्न रात्रपाळीचा असतो. महाराष्ट्राच्या 2017 सालच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची. हे घरी सांगितलं तर थोडा फरक पडतो. पण बऱ्याच मुली प्रवेशाच्या वेळीच बेकरी किंवा फ्रंट ऑफिस असं ठरवून येतात, आणि ते ठरवण्यात त्यांच्या आवडीपेक्षा घरच्यांशी झालेल्या तडजोडीचा वाटा मोठा असतो. बेकरीवाल्यांना पहाटे चारला उठावं लागतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रवेश परीक्षा घेणाऱ्यांनाही ही कारणं मोजायची असतात. एनसीएचएम जेईई या राष्ट्रीय परीक्षेत अंकगणित, तर्क, सामान्यज्ञान आणि इंग्रजी यांच्या जोडीला सेवाक्षेत्राचा कल तपासणारा एक भाग असतो. पाहुणा ओरडतोय, तुम्ही काय कराल, अशा धर्तीचे प्रश्न. कल्पना चांगली. पण क्लासवाल्यांनी त्याचीही उत्तरं बसवून दिली आहेत, आणि कागदावर सगळेच शांतपणे हसून उत्तर देतात.

ज्याला खरंच जोखून बघायचंय त्याने तीन-चार वर्षांची फी भरण्याआधी स्वस्तातली वाट धरावी. निकाल लागेपर्यंतचे दोन महिने रिकामे असतात आणि नेमकी तीच लग्नसराई असते. गावातल्या केटररकडे पंधरा दिवस वाढपी म्हणून उभं राहावं, आणि ते पटकन मिळतं, कारण त्याला माणसं हवीच असतात. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. पर्यटन मंत्रालयाने "हुनर से रोजगार तक" या नावाने काही आठवड्यांचे मोफत अभ्यासक्रमही सुरू केले. ओबेरॉय समूहाच्या स्टेपसारख्या योजनेत बारावीनंतर थेट हॉटेलात राहून शिकता येतं आणि विद्यावेतनही मिळतं, पण निवड कडक असते. पदवीच हवी असेल तर केंद्रीय संस्थांसाठी एनसीएचएम जेईई आणि महाराष्ट्रातल्या बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा, हे दोन मुख्य रस्ते. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत थोडी कमी पाहा आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा की ट्रेनिंग कुठे झालं, रोज किती तास होते, आणि त्यांच्या बॅचमधले किती जण परत हॉटेलात जायचं म्हणतायत.